काळा सूट आणि चांगला मुलगा : 'स्पायडर-मॅन ३' मधून व्यसनमुक्तीचा पाठ



२६ जूनचा अमली पदार्थविरोधी दिन आला किंवा २ ऑक्टोबरचा व्यसनमुक्ती सप्ताह आला की आपण शाळेत काय करतो? प्रभातफेरी काढतो, घोषणा देतो, चित्रकला स्पर्धा घेतो, शपथ घेतो. काळ्या पडलेल्या फुप्फुसाचं चित्र फळ्याशेजारी लावतो. मीही कितीतरी वर्षं हेच केलं. यात चुकीचं काहीच नाही. पण एकदा सहावीच्या वर्गात एका मुलाने हात वर केला आणि विचारलं, "मॅडम, एवढं वाईट असतं तर मोठी माणसं खातात कशाला?"

वर्ग हसला. मीही हसले आणि "वाईट सवय लागते म्हणून" असं काहीतरी सांगून पुढे गेले. पण प्रश्न डोक्यातून जाईना. कारण तो मुलगा अगदी बरोबर विचारत होता. आपण मुलांना सांगतो की व्यसन म्हणजे विष. मुलं घरी जाऊन बघतात तर आजी सकाळी मशेरी लावून खूश असते, काका तंबाखू मळताना गप्पा मारत असतात, वडील संध्याकाळी दोन घोट पोटात गेल्यावरच मोकळेपणी हसतात. मग मुलांनी कुणाचं खरं मानायचं?

या प्रश्नाचं उत्तर मला एका सिनेमात सापडलं, तेही सुपरहिरोच्या. सॅम रायमी या दिग्दर्शकाचा २००७ सालचा 'स्पायडर-मॅन ३'. सिनेमात दारू-सिगारेटबद्दल उपदेश कुठेच नाही. पण व्यसन माणसाला कसं धरतं आणि सोडवताना काय काय होतं, हे त्यात इतकं स्पष्ट दिसतं की दप्तरमुक्त शनिवारी मी त्यावर एक पाठच घेतला. तो पाठ, त्यात माझी झालेली फजिती आणि त्यातून मी काय शिकले, हे आज लिहीत आहे.

स्पायडर-मॅन आणि हा विषय : जुनं नातं

आधी थोडी माहिती, वर्गात सांगायला उपयोगी पडेल अशी. स्पायडर-मॅनचा व्यसनाशी संबंध आपण ओढूनताणून जोडत नाही. १९७१ साली अमेरिकेच्या सरकारी आरोग्य व शिक्षण खात्याने लेखक स्टॅन ली यांना विनंती केली की मुलं तुमचे कॉमिक्स वाचतात, तर अमली पदार्थांच्या धोक्यावर एखादी गोष्ट लिहा. त्यांनी 'अमेझिंग स्पायडर-मॅन'च्या ९६ ते ९८ या तीन अंकांत ती गोष्ट लिहिली. त्यात स्पायडर-मॅनचा जिवलग मित्र हॅरी ऑसबॉर्न गोळ्यांच्या आहारी जातो.

गंमत बघा. त्या काळी अमेरिकेत कॉमिक्सवर एक संहिता लागू होती. तिच्या शिक्क्याशिवाय सहसा अंक बाजारात येत नसे, आणि तिला अमली पदार्थांचा उल्लेखच चालत नव्हता, मग तो विरोधात का असेना. शिक्का नाकारला गेला. तरीही प्रकाशकांनी ते तीन अंक शिक्क्याशिवाय छापले. त्याच वर्षी संहितेचे नियम बदलले आणि व्यसनाचे दुष्परिणाम दाखवायला परवानगी मिळाली.

आपल्यासाठी यात एक गोष्ट आहे. 'मुलांसमोर हा विषयच नको' असं म्हणून मुलं वाचत नाहीत. घरात, गल्लीत, टपरीवर मुलं सगळं बघतच असतात. फक्त बोलायला कुणी नसतं.

सिनेमाची गोष्ट थोडक्यात

पीटर पार्कर हा न्यूयॉर्कमध्ये शिकणारा साधा मुलगा. तोच स्पायडर-मॅन. या तिसऱ्या भागाच्या सुरुवातीला त्याचं सगळं छान चाललेलं असतं. शहर त्याला डोक्यावर घेतं, मेरी जेनला तो लग्नाची मागणी घालणार असतो, मे काकूने त्यासाठी स्वतःची अंगठी दिलेली असते. तेवढ्यात आकाशातून एक उल्का पडते. तिच्यातून काळ्या चिकट डांबरासारखा एक जीव बाहेर येतो आणि पीटरच्या मोपेडला चिकटून गुपचूप त्याच्या घरी येतो. पुढे तो पीटरच्या अंगावर चढतो आणि त्याचा लाल-निळा पोशाख काळा होतो.

एवढं सांगून झालं की मी मुलांना काही निवडक दृश्यं दाखवते. पूर्ण सिनेमा दोन तासांच्या वर आहे आणि मारामारी बरीच आहे. त्यामुळे शिक्षकांनी व पालकांनी आधी स्वतः बघावा आणि मग दृश्यं निवडावीत. मी सहावी-सातवीच्या मुलांसाठीच हा पाठ घेते, त्याहून लहान मुलांसाठी नाही.

पायरी पहिली : तो केव्हा चढतो?

मुलांना पहिला प्रश्न हाच विचारा. तो काळा जीव पीटरच्या खोलीत आधीपासून होता. मग तो त्याच रात्री का चढला?

त्या दिवशी पीटरला पोलिसांकडून कळलेलं असतं की त्याच्या बेन काकांना मारणारा खरा माणूस फ्लिंट मार्को आहे आणि तो तुरुंगातून पळाला आहे. पीटर रागाने पेटलेला असतो. मेरी जेनची नाटकातली भूमिका गेलेली असते, तिला धीर द्यायचा असतो, पण त्याचं लक्ष नसतं. ती जवळ बसून बोलायला येते तर तो तिलाही परत पाठवतो. एकटाच बसून पोलिसांच्या रेडिओवर बातमी ऐकत राहतो. तसाच झोपी जातो आणि तेव्हा तो काळा जीव त्याच्यावर चढतो.

आमच्या वर्गातल्या मुलांनी फळ्यावर शब्द सांगितले : राग, दुःख, एकटेपणा, झोप नाही. एक मुलगी म्हणाली, "मॅडम, आणि त्याने मदत नको म्हणून सांगितलं." हा मुद्दा माझ्या टाचणातही नव्हता!

गुटख्याची पहिली पुडी खाणारा मुलगा बहुतेक वेळा पुडीसाठी खात नाही. मोठ्या मुलांत आपल्याला घेतलं जावं म्हणून खातो, कुणी भित्रा म्हणू नये म्हणून खातो, घरच्या भांडणातून पळायचं म्हणून खातो. पुडी गावात आधीपासून असते. तिला चढायला जागा मिळते ती मनातल्या पोकळीत.

पायरी दुसरी : मजा येते, हे कबूल करा

काळा सूट घातल्यावर पीटरला काय वाटतं? वेदना होतात का? अजिबात नाही. त्याची ताकद वाढते, भीती जाते. तो रस्त्याने ऐटीत चालतो, पोरींकडे बघून मान हलवतो, नाचतो. मुलं या दृश्याला खूप हसतात. हसू द्या. मग विचारा, "त्याला छान वाटतंय की वाईट?"

"छान वाटतंय."

इथेच त्या जुन्या प्रश्नाचं उत्तर आहे. मोठी माणसं खातात कशाला? कारण सुरुवातीला बरं वाटतं. निकोटीन किंवा दारू मेंदूत आनंदाची जाणीव देणारी यंत्रणा जागी करते. मेंदू ते लक्षात ठेवतो आणि पुन्हा मागतो. काही दिवसांनी तेवढ्याने भागत नाही, म्हणून प्रमाण वाढतं. पुढे तर अशी वेळ येते की मजा राहते बाजूला आणि न घेतल्याचा त्रास थांबवण्यासाठी घ्यावं लागतं. हात थरथरतात, चिडचिड होते, पोट साफ होत नाही, कामात लक्ष लागत नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की हा मजेसाठी खातो. तो मात्र आता नुसता नेहमीसारखं वाटावं म्हणून खात असतो.

आपण मुलांना फक्त शेवट सांगतो, कॅन्सर आणि मरण. मुलगा पहिली पुडी खातो, मरत नाही, उलट बरं वाटतं. मग तो ठरवतो की मॅडम खोटं बोलतात. त्यापेक्षा खरं सांगावं की सुरुवातीला बरं वाटतं आणि फसगत नेमकी तिथेच होते.

सिनेमातले प्राध्यापक कॉनर्स या काळ्या पदार्थाचा नमुना तपासतात आणि पीटरला बजावतात की हा ज्याला चिकटतो त्याचे गुण वाढवतो, विशेषतः आक्रमकपणा, आणि एकदा पक्का चिकटला की सुटणं कठीण. पीटर ऐकतो, समजतो आणि तरीही घालतो. माहिती असूनही माणूस सोडत नाही, हे मुलांना यात दिसतं. पाकिटावरचं कॅन्सरचं चित्र बघत बघतच लोक पाकीट फोडतात ना!

पायरी तिसरी : घरमालकाचं वाक्य

आता मला सगळ्यात आवडलेला प्रसंग. तो नीट बघितला नाही तर निसटून जातो.

पीटरचे घरमालक डिटकोविच भाडं मागायला येतात. भाडं थकलेलंच असतं. काळ्या सूटच्या अमलाखाली असलेला पीटर त्यांच्यावर खेकसतो आणि धाडकन दार लावून घेतो. एरवी नम्र असणारा मुलगा. घरमालकाने संतापायला हवं होतं की नाही? पण ते शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलीला एवढंच म्हणतात की हा चांगला मुलगा आहे, कसल्या तरी अडचणीत असला पाहिजे.

हे ऐकून मी प्रोजेक्टर थांबवला आणि दोन मिनिटं मला बोलताच आलं नाही. कारण सांगते.

त्याच्या आदल्या वर्षी दप्तर तपासताना एका मुलाच्या दप्तरात तंबाखूची पुडी सापडली होती. मी त्याला परिपाठात सगळ्या शाळेसमोर उभं केलं. "बघा, हा आपल्या शाळेचा नमुना," असं म्हणाले. हे शब्द लिहितानाही मला लाज वाटते. आपली शाळा तंबाखूमुक्त असली पाहिजे, या भरात मी ते केलं. मुलगा एक शब्द बोलला नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेत आला नाही.

पाचव्या दिवशी मी घरी गेले. आजी ओट्यावर बसली होती. तिच्याकडून कळलं की पुडी त्याची नव्हतीच. वडील रोज त्यालाच टपरीवर पाठवत. आदल्या संध्याकाळी आणलेली पुडी द्यायची राहून गेली, ती दप्तरातच राहिली. सगळ्यांसमोर बापाचं नाव कसं सांगायचं, म्हणून पोरगं गप्प बसलं होतं.

मी त्याला परत आणलं आणि परिपाठातच, सगळ्यांसमोर, माझी चूक झाली असं सांगितलं. अपमान चारचौघांत केला होता, मग माफी एकांतात मागून कशी चालेल? तो खाली मान घालून उभा होता, पण त्या दिवसापासून शाळेत यायला लागला.

समजा, पुडी त्याचीच असती, तर? तरीही मी चुकलेच होते. तो चांगला मुलगा होता आणि अडचणीत होता, एवढं वाक्य त्या सिनेमातल्या घरमालकाला सुचलं आणि डी.एड. झालेल्या मला सुचलं नाही. सूट आणि मुलगा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रागवायचं ते सूटवर.

पायरी चौथी : पेटी

एका क्षणी पीटर आरशात स्वतःला बघतो, घाबरतो आणि सूट काढतो. आणि काय करतो? फेकून देत नाही. पेटीत ठेवतो. आत सूट वळवळत असतो.

मी विचारलं, "पुढे काय होईल?" तो परिपाठात उभा केलेला मुलगा आता सातवीत होता. तो लगेच म्हणाला, "परत घालणार. पेटीत ठेवला म्हणजे घालायचाच आहे."

तसंच होतं. हॅरीच्या धमकीमुळे मेरी जेनला पीटरशी नातं तोडावं लागतं. दुःखात पीटर पेटी उघडतो. व्यसन सुटलं असं वाटून ते पुन्हा सुरू होतं, ते बहुतेक अशाच दिवशी. "आता मी सोडलंय, पण एक पुडी खिशात असू दे," ही पेटीच. जुना कट्टा, जुने सोबती, पगाराची संध्याकाळ, याही पेट्याच.

या चर्चेनंतर तास संपला, मुलं खेळायला गेली. वर्गात कधीच न बोलणारी एक मुलगी माझ्या टेबलाजवळ रेंगाळत राहिली. मग हळूच म्हणाली, "मॅडम, आमच्या पप्पांची पेटी धान्याच्या कोठीमागं आहे. मी एकदा ओतून दिली. मग आईला मार बसला. माझ्यामुळं."

शिक्षक मित्रांनो, आपल्या प्रत्येक वर्गात अशी एक तरी मुलगी असते. आपण फुप्फुसाचं चित्र दाखवतो तेव्हा ती काय विचार करत असेल? 'माझे पप्पा मरणार' एवढंच ना! मी तिला तेव्हा तीन गोष्टी सांगितल्या आणि नंतर त्या आमच्या पाठात कायमच्या घातल्या :

१. हे तुझ्यामुळे झालेलं नाही.
२. पप्पांची दारू सोडवणं हे तुझं काम नाही. ते मोठ्यांचं आणि डॉक्टरांचं काम आहे.
३. भीती वाटली की विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. ही चुगली नसते.

तिच्या आईशी मी शांतपणे, वेगळं बोलले. मारहाण होत असेल तर कुणाला सांगायचं आणि कुठे जायचं, हे आधी बोललो. मग उपचाराचं. त्याबद्दल पुढे लिहिते.

पायरी पाचवी : आपलंच माणूस जखमी होतं

काळ्या सूटमध्ये पीटर हॅरीशी भिडतो आणि त्याचा चेहरा विद्रूप होतो. एडी ब्रॉक या फोटोग्राफरची लबाडी उघडी पाडताना त्याला चारचौघांत अपमानित करतो. मग ग्वेन नावाच्या मैत्रिणीला घेऊन मुद्दाम त्याच क्लबात जातो जिथे मेरी जेन काम करते. तिला जळवायला तिच्यासमोर नाचतो. तिथे मारामारी होते, ती थांबवायला मध्ये येते आणि त्याचा फटका तिलाच बसतो. ती खाली पडते. ती त्याला विचारते, तू आहेस तरी कोण? त्याला स्वतःलाच ते सांगता येत नाही.

हे दृश्य दाखवताना वर्ग एकदम गप्प होतो. काही मुलांच्या घरात हे घडलेलं असतं. इथे चर्चा लांबवू नका. "पीटरला मुद्दाम मारायचं होतं का? तरीही मेरी जेनला लागलं की नाही?" हे दोन प्रश्न पुरेत. सूट अंगात होता म्हणून मार खरा नव्हता असं होत नाही. मुलगा आणि सूट वेगळे म्हटले, तरी जबाबदारी मुलालाच घ्यावी लागते.

पायरी सहावी : घंटा

त्याच रात्री पीटर चर्चच्या घंटाघरात जातो आणि सूट ओरबाडून काढायला लागतो. सूट निघत नाही, कातडीला चिकटून राहतो. धडपडीत घंटेला धक्का लागतो आणि तिच्या नादाने सूटची पकड सैल होते. मग तो घंटेच्या नादातच ओढून ओढून सूट काढतो.

मुलांना विचारा, नुसत्या ताकदीने निघाला का? नाही. इमारती ओलांडणारा स्पायडर-मॅन, त्यालाही बाहेरची मदत लागली. "मग आपल्या गावातली घंटा कोणती?" या प्रश्नावर मुलांनी सांगितलेली उत्तरं : दवाखाना, आशाताई, मामा, मॅडम, कीर्तन, कबड्डीचा संघ. एक जण म्हणाला, "बहीण. ती रडली की पप्पा ऐकतात."

त्याच वेळी खाली चर्चमध्ये एडी ब्रॉक बसलेला असतो. तो देवाकडे पीटरचं मरण मागत असतो. सुटलेला काळा जीव त्याच्यावर पडतो आणि तो व्हेनम बनतो. शेवटच्या लढाईत पीटर लोखंडी नळ्यांच्या आवाजाने एडीलाही त्या जीवापासून सोडवतो. पण पीटर त्या जीवावर बॉम्ब टाकतो तेव्हा मोकळा झालेला एडी स्वतःहून परत त्यात उडी घेतो आणि मरतो. दोघांना तोच सूट चिकटला, दोघेही सुटले होते. पीटरला परत जायला घर होतं, काकू होती. एडीला सूटशिवाय काहीच उरलं नव्हतं. सुटलेल्या माणसाला दुसरं काहीतरी धरायला द्यावं लागतं, काम, माणसं, मान. नाहीतर तो परत उडी घेतो.

पायरी सातवी : नंतरचे दिवस

सूट निघाल्यावर ढोल-ताशे वाजत नाहीत. मे काकू घरी येते तेव्हा पीटर तिला सांगतो की माझ्या हातून मेरी जेन दुखावली. काकू सांगते की सगळ्यात अवघड गोष्टीपासून सुरुवात कर, आधी स्वतःला माफ कर. पुढे पीटर हॅरीकडे मदत मागायला जातो आणि त्याचा नकारही ऐकून घेतो. शेवटी फ्लिंट मार्कोलाही माफ करतो. हॅरी मदतीला येतो, पण वाचत नाही. अखेरच्या दृश्यात मेरी जेन क्लबात गात असते, पीटर येऊन हात पुढे करतो आणि दोघं काही न बोलता हळूहळू नाचतात. लग्न होत नाही, 'सगळं पूर्वीसारखं झालं' असं कुणी म्हणत नाही. त्यांना एकमेकांवर परत विश्वास ठेवायला वेळ लागणार, एवढंच दिसतं.

व्यसनातून बाहेर येणाऱ्यांच्या घरी असंच असतं. माणूस सोडतो एका दिवशी, घरच्यांचा विश्वास परत यायला महिने लागतात.

सिनेमा कुठे कमी पडतो?

हे मुलांना सांगणं फार महत्त्वाचं आहे. नाहीतर पाठ उलटा पडेल.

- सिनेमात सूट एका रात्रीत निघतो. खरं व्यसन हा आजार आहे. त्याला उपचार लागतात आणि पुन्हा घसरण झाली तर पुन्हा उपचार घ्यायचे असतात. घसरला म्हणजे संपला असं नाही.
- सिनेमात पीटर एकट्याने झटका देतो. रोज भरपूर दारू पिणाऱ्याने डॉक्टरांना न विचारता एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जिवावर बेतू शकतं. म्हणून 'आजपासून कोंडून ठेवा' हा उपाय करू नये.
- सूट आकाशातून पडला. तंबाखू आकाशातून पडत नाही. ती कुणीतरी विकतं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. २००३ च्या कायद्याने शाळेपासून १०० यार्डांच्या आत आणि १८ वर्षांखालील कुणालाही तंबाखू विकता येत नाही. 'पप्पांसाठी पाहिजे' म्हटलं तरी मुलाच्या हातात पुडी देणं हा गुन्हाच.

वर्गात घेण्यासाठी कृती

१. 'सूट आणि मुलगा' तक्ता : वहीत दोन रकाने करा. एकात पीटरचे स्वतःचे गुण, दुसऱ्यात सूटमुळे आलेलं वागणं. मग मुलांनी ठरवावं की पुसायचं काय आणि ठेवायचं काय.
२. 'माझी घंटा' : प्रत्येकाने अडचणीत ज्याला सांगू शकतो अशा दोन मोठ्या माणसांची नावं कागदावर लिहून स्वतःजवळ ठेवायची. कुणाला दाखवायची सक्ती नाही. ज्याला एकही नाव सुचलं नाही, त्याने माझं लिहावं असं मी सांगते.
३. नकाराचा सराव : जोडीने नाटुकलं. "घे रे, एकच." "नको." कारण देत बसायचं नाही, तिथून निघायचं.
४. घरच्या माणसांच्या व्यसनाबद्दल वर्गात उघडपणे कधीही विचारू नये. चिठ्ठी टाकायला एक पेटी ठेवावी. ही चांगली पेटी!

पालकांसाठी

पालकहो, एकच विनंती. मुलाला टपरीवर पाठवू नका. तुम्हाला सोडणं जमत नसेल तर ते आम्ही समजू शकतो, पण तुमची पुडी तुम्ही आणा. आणि मुलाच्या खिशात काही सापडलं, तर पहिला प्रश्न 'कुठून आणलंस?' असा विचारण्याआधी 'काय झालंय रे तुला?' असा विचारा.

मदत कुठे मिळेल? व्यसनमुक्तीसाठी सरकारी टोल-फ्री क्रमांक १४४४६ आहे. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६ आणि अडचणीतल्या मुलांसाठी १०९८. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने १९८६ साली सुरू केलेलं मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आपल्याला माहीत आहेच. तिथे घरच्या माणसांनाही उपचारात सामील करून घेतात. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या सभा कितीतरी गावांत होतात, त्या विनाशुल्क असतात. हे क्रमांक आमच्या वर्गात फुप्फुसाच्या चित्राखाली लिहून ठेवले आहेत.

त्या मुलीच्या आईने मला विचारलं होतं, "कुठं न्यायचं असतं मॅडम? आम्हाला तर काहीच माहीत नाही." आम्ही तिथेच फोन लावला. तिचे वडील उपचाराला गेले, काही महिने बरे राहिले. दिवाळीत पुन्हा सुरू झालं. मुलगी शाळेत आली तेव्हा चेहरा उतरलेला. मला म्हणाली, "मॅडम, पेटी परत उघडली."

मी म्हटलं, "उघडली ना? मग परत घंटा वाजवू."

ते दुसऱ्यांदा गेले. आता बरे आहेत. 'सुटले' असं ती म्हणत नाही, 'आज नाही प्यायले' असं म्हणते. परवा गृहपाठाच्या वहीत मागच्या पानावर तिने स्पायडर-मॅन काढला होता. लाल-निळा. खाली लिहिलं होतं, 'चांगला मुलगा आहे.' मी त्यावर लाल पेनाने बरोबरची खूण केली आणि वही परत दिली.